पत्ता अपुरा

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. कसाऱ्याकडे जाणारी थांबते शहाडला. कल्याणपर्यंत मात्र दोघींचा मार्ग एकच. डब्यात पेंगणाऱ्या एखाद्याने ‘डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण’ एवढ्याच घोषणा ऐकल्या आणि पुन्हा डोळे मिटले, तर आपण कुठल्या गाडीत बसलो आहोत हे त्याला सांगता येणार नाही. ऐकण्यात त्याची काही चूक नाही. तिन्ही नावे त्याने बिनचूक ऐकली आहेत. पुढचे एक स्टेशन कानावर पडायला हवे होते.

माणसाचा जीनोम वाचण्याची जी पद्धत आज सर्वांत जास्त वापरली जाते, तिची अडचण नेमकी हीच आहे. रक्तातून डीएनए काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके दीडदीडशे अक्षरांपर्यंत वाचायची. केंब्रिजच्या सोलेक्सा कंपनीने विकसित केलेले आणि २००७ मध्ये ती कंपनीच विकत घेऊन इल्युमिनाने आपलेसे केलेले हे तंत्र. अशा एका वाचनाला प्रयोगशाळेतली मंडळी ‘रीड’ म्हणतात. जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज १० कोटी अक्षरे आहेत. प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली जावी असे धरले, तर साठ कोटींहून अधिक रीड हाती येतात. त्यांना ना क्रम, ना पत्ता. मग संगणक एकेक रीड उचलतो आणि तयार रेफरन्स जीनोमवर तो कुठे बसतो हे पाहतो. रीड बसला की रेफरन्सपेक्षा त्याचे कुठले अक्षर वेगळे आहे ते टिपतो. त्या वेगळ्या अक्षराला ‘व्हेरिएंट’ म्हणायचे, आणि ते शोधण्याच्या कामाला ‘व्हेरिएंट कॉलिंग’.

रीड नेमका कुठे बसतो, यावर सगळी मदार. महाराष्ट्रात विठ्ठलवाड्या काही कमी नाहीत. पुण्यात सिंहगड रस्त्याला, मुठेच्या काठी जुने देऊळ असलेली विठ्ठलवाडी आहेच. आमचे एक पार्सल एकदा तिथे जाऊन, चार दिवस पुण्याची हवा खाऊन परत आले होते. अशा घोळांवर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. जीनोमला असा कुणी वेलणकर लाभलेला नाही. रीडमधला मजकूर हाच त्याचा पत्ता, आणि तोच मजकूर आणखी कुठे असेल तर पत्ता अपुरा.

रीड जुळवणारी आज्ञावली म्हणून प्रत्येक रीडला ‘मॅपिंग क्वालिटी’ नावाचे गुण देते. जागेची खात्री जितकी जास्त तितके गुण जास्त. दोन ठिकाणी अगदी सारखाच बसणाऱ्या रीडला शून्य गुण मिळतात, आणि दोहोंपैकी एका जागी तो बहुधा चिठ्ठी टाकल्यासारखा ठेवून दिला जातो. पुढच्या टप्प्यावर व्हेरिएंट शोधणारी आज्ञावली असे शून्य गुणांचे रीड बाजूला सारते. मग त्या जागी काहीच सापडत नाही, आणि अहवालात ‘आढळले नाही’ असे छापले जाते. खरे तर ‘पाहता आले नाही’ असे छापायला हवे. या दोन वाक्यांमधले अंतर मोजायचे कसे, जीनोमच्या कुठल्या भागात पहिले वाक्य लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे आणि कुठल्या भागात नाही, या प्रश्नावर गेली पंधराएक वर्षे जे काम झाले त्याचा हा आढावा आहे.

जीनोमचा निम्म्याहून अधिक भाग पुनरावृत्तीचा आहे, असे वाचले की वाटते मग उरले काय? पण ते चित्र इतके वाईट नाही. ‘अलू’ नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा जीनोममध्ये दहा लाखांहून अधिक वेळा आला आहे. तरी त्यांतल्या बहुतेक प्रती इतक्या जुन्या आहेत की प्रत्येकीत इकडेतिकडे अक्षरे बदलून गेली आहेत, आणि तेवढ्या फरकावर त्या ओळखू येतात. शिवाय रीड जोडीने येतात. एक जोडीदार गर्दीत हरवला तरी दुसरा ओळखीच्या जागी उभा असेल, तर पहिला त्याच्यापासून काहीशे अक्षरांच्या आतच असणार हे ठाऊक असते. खरा त्रास देते ते अलीकडच्या काळात झालेले मोठे दुहेरीकरण. हजारो अक्षरांचा अख्खा पट्टा दुसरीकडे नकलला गेला आहे, आणि दोन नकलांत शंभरातली ९८-९९ अक्षरे जुळतात. एकाच अक्षराची किंवा दोन-चार अक्षरांची लांबलचक माळ असेल तर तिथे वेगळाच घोळ होतो. पत्ता बरोबर असतो, पण माळेत मणी किती होते हे मोजताना यंत्रही चुकते आणि जुळवणारी आज्ञावलीही. जी आणि सी या अक्षरांची दाटी असलेल्या जागा रासायनिक प्रक्रियेत नीट वाढत नाहीत, म्हणून तिथे रीडच कमी येतात.

यात भर म्हणजे आज्ञावलीने थोडा सैलपणा ठेवलाच पाहिजे. रीडमध्ये यंत्राच्या चुका असतात आणि माणसामाणसांत खरे फरकही असतात. एकही अक्षर वेगळे चालणार नाही असा हट्ट धरला तर व्हेरिएंट सापडायचाच नाही. पण सैलपणाची किंमत मोजावी लागते. पाकिटावर ‘कल्याणी’ लिहिले आहे. हे पश्चिम बंगालमधले कल्याणी, की ‘कल्याण’ लिहिताना हात वळला? एका वेलांटीवर निकाल आहे. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी झिजवणारा स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी हा लहान मुलांचा रोग घ्या. तो एसएमएन-१ या जनुकातल्या बिघाडाने होतो. शेजारीच एसएमएन-२ ही त्याची जवळजवळ हुबेहूब नक्कल बसलेली आहे. दोघांत कामाचा फरक सातव्या एक्झॉनमधल्या, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेल्या सातव्या तुकड्यातल्या, एका अक्षराचा. तिथे एकाकडे सी, दुसऱ्याकडे टी. साधी आज्ञावली वापरली तर जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या जनुकांपैकी एकावर शून्य गुणांचे रीड पसरलेले दिसतात. म्हणूनच या रोगाच्या निदानासाठी प्रतींची संख्या मोजणारी वेगळी चाचणी करतात.

सोप्या जागा ठरवण्याचा पहिला मार्ग कागदावरचा होता. रेफरन्स जीनोमचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा इतरत्र कुठे येतो का हे पाहायचे, आणि एकदाच येणाऱ्या तुकड्यांची जागा सोपी म्हणायची. या गुणधर्माला ‘मॅपेबिलिटी’ असे नाव पडले. हिशेब स्वच्छ होता, स्वस्त होता. रक्ताचा थेंबही लागत नव्हता. पण त्यात एक गृहीत दडलेले होते, ते म्हणजे रेफरन्समध्ये आहे तेवढेच जग आहे. तुमच्या-माझ्या जीनोममध्ये एखाद्या पट्ट्याची जादा प्रत असेल आणि रेफरन्समध्ये ती नसेल, तर दोन्ही प्रतींचे रीड येऊन एकाच जागी कोंबले जातात. त्यांच्यातले फरक मग खोटे व्हेरिएंट म्हणून नोंदवले जातात. त्या जागेला कागदावर पैकीच्या पैकी गुण असतात.

आणि रेफरन्स म्हणजे तरी काय? आज रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली आवृत्ती, जीआरसीएच-३८, डिसेंबर २०१३ मधली. तिचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एकाच माणसाच्या डीएनएवरून आला आहे. तिच्यात उणिवा होत्या, तशा जादा गोष्टीही होत्या. ही गंमत मला फार आवडते. २१ व्या गुणसूत्रावरची सीबीएस, सीआरवायएए आणि केसीएनई-१ ही जनुके या आवृत्तीत चुकून दोनदा छापली गेली आहेत. माणसात ती एकेकदाच आहेत. पण रेफरन्सच्या नकाशात दोन-दोन जागा दिसल्यामुळे रीड गोंधळतात, गुण शून्यावर येतात, आणि होमोसिस्टिन्युरिया या आनुवंशिक रोगाशी जोडलेल्या सीबीएस जनुकातले खरे व्हेरिएंट निसटतात. नकाशा काढणाऱ्याने एक गाव दोनदा काढले म्हणून टपाल थांबले!

दुसरा मार्ग अनुभवाचा. ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पाने आपल्याच हजारो नमुन्यांचे रीड पाहून ठरवले की कुठे रीडची दाटी सरासरीइतकी आहे, कुठे गुण चांगले आहेत. तेवढी जागा विश्वासाची. उरलेल्या जागेवरचा त्यांचा कडक ‘मुखवटा’ (मास्क) जीनोमचा जवळपास चौथा हिस्सा झाकून टाकतो. लोकसंख्येच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना तो पुरला, कारण त्यांना सगळी जागा नको असते, स्वच्छ जागा हवी असते. निदान करणाऱ्या डॉक्टरचे तसे नसते. त्याच्या समोरच्या मुलाचा बिघाड नेमका त्या चौथ्या हिश्श्यात असू शकतो. शिवाय हा मुखवटा त्या काळच्या रीडच्या लांबीवर आणि त्या काळच्या आज्ञावल्यांवर बेतलेला. यंत्र बदलले की तो जुना होतो.

तिसरा मार्ग परीक्षेचा. व्हेरिएंट कॉलिंग बरोबर झाले की चूक हे तपासायला उत्तरपत्रिका लागते, आणि खऱ्या माणसाच्या जीनोमची उत्तरपत्रिका कुणाकडे नसते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाच्या मानक संस्थेने २०१२ मध्ये ‘जीनोम इन अ बॉटल’ हा उपक्रम सुरू केला. एकाच माणसाचा जीनोम निरनिराळ्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा वाचायचा, सगळ्यांचे एकमत होईल तेवढ्या जागांना ‘खात्रीची जागा’ म्हणायचे आणि तिथली उत्तरे पक्की करायची. युटामधली एक स्त्री, मग अश्केनाझी ज्यू कुटुंबातले आईवडील आणि मुलगा, मग एक चिनी कुटुंब, अशी ही नमुन्यांची मालिका आहे. जगभरच्या आज्ञावल्यांनी या उत्तरपत्रिकेवर स्वतःला तपासून घेतले, आणि चुका अर्ध्या टक्क्याहूनही कमी असे आकडे झळकू लागले.

एकमत झालेलेच प्रश्न परीक्षेला ठेवले तर निकाल चांगला लागणारच. सुरुवातीच्या उत्तरपत्रिका मुख्यतः आखूड रीडवरून बनल्या होत्या, म्हणजे आखूड रीडना जे जमत नाही ते आपोआप अभ्यासक्रमाबाहेर गेले होते. आपल्याकडे दहावीच्या निकालाचे टक्के ज्यांनी वर्षानुवर्षे चढताना पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उपक्रमातल्या मंडळींनी मात्र हे दोष स्वतःच जाहीरपणे मांडले. लांब रीड हाती आल्यावर त्यांनी उत्तरपत्रिका वाढवत नेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ४.२.१ ही आवृत्ती जीआरसीएच-३८ च्या लिंगेतर गुणसूत्रांचा सुमारे ९२ टक्के भाग व्यापते. त्याच वर्षी त्यांनी वैद्यकदृष्ट्या महत्त्वाच्या पण अवघड अशा २७३ जनुकांची वेगळी उत्तरपत्रिका दिली; सीबीएसचा दुहेरी छापा पुढे आला तो तिच्यातूनच. परीक्षा अवघड झाली तसे सगळ्यांचे गुण उतरले. या सगळ्या इतिहासात गुण उतरण्याचा हा प्रसंग मला सर्वांत आश्वासक वाटतो.

उत्तरपत्रिकेशिवाय चुका पकडण्याची एक नामी युक्ती हेंग ली यांनी २०१४ मध्ये वापरली. रीड जुळवणारी सर्वाधिक वापरातली ‘बीडब्ल्यूए’ ही आज्ञावलीही त्यांचीच, त्यामुळे स्वतःच्या घरच्या चुका शोधण्याचा हा प्रकार होता. द्राक्षगर्भ नावाची गर्भावस्थेतली एक विकृती असते. तिच्यातल्या पेशींत आईचा जीनोम नसतो, वडिलांचाच दुप्पट झालेला असतो. म्हणजे गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती एकसारख्या. अशा पेशींच्या वाचनात एखाद्या जागी ‘दोन प्रतींत दोन वेगळी अक्षरे’ असे उत्तर आले, तर ते जवळजवळ नक्की चूक. ली यांना न चाळलेल्या उत्तरांत दर दहा ते पंधरा हजार अक्षरांमागे एक चूक दिसली. नीट चाळणी लावल्यावर ती लाख-दोन लाखांमागे एकवर आली. चुकांची दोन मोठी कोठारे निघाली. एक, तीच तीच अक्षरे येणारे कमी विविधतेचे पट्टे. दुसरे, अपुरा रेफरन्स. पुढे याच प्रकारच्या पेशींच्या आधारे टीटूटी (टेलोमिअर-टू-टेलोमिअर) या संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये माणसाचा पहिला पूर्ण जीनोम मांडला, आणि जीआरसीएच-३८ मध्ये नसलेली जवळपास २० कोटी अक्षरे नकाशावर आली.

पूर्ण नकाशा आल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो थोडा सरकला, इतकेच. एक पूर्ण माणूस म्हणजे सगळी माणसे नव्हेत. म्हणून २०२३ मध्ये मानवी पॅनजीनोमचा पहिला मसुदा आला. त्यात ४७ माणसांचे, आईकडचे आणि वडिलांकडचे वेगळे काढलेले जीनोम होते. त्यानंतर ही संख्या वाढत शेकड्यांत गेली. याच संचावर उभे आहे हेंग ली यांचे २०२५ मधले काम, आणि माझ्या मते या प्रश्नाला आजवर मिळालेले ते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. कल्पना साधी आहे. एखादी जागा सोपी आहे की नाही हे एका रेफरन्सला विचारू नका, किंवा जुन्या रीडनाही विचारू नका. शेकडो माणसांच्या पूर्ण जुळणीला विचारा. त्या सगळ्यांत जी जागा एकदाच येते आणि फारशी बदलत नाही, ती सोपी. कुणाचाही नमुना आला तरी सोपी. या निकषाने जीआरसीएच-३८ चा ८८.२ टक्के भाग सोपा ठरतो. प्रथिनांचा मजकूर असलेल्या भागांपैकी ९२.२ टक्के. आणि क्लिनव्हार या संग्रहात रोगकारक म्हणून नोंदलेल्या व्हेरिएंटपैकी ९६.३ टक्के सोप्या जागांत पडतात. ली यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली. अर्ध्या टक्क्याहून कमी चुकांचे आकडे आधीच निवडलेल्या खात्रीच्या जागांपुरतेच खरे आहेत. ज्या नमुन्यासाठी अशा जागा आखलेल्याच नाहीत, म्हणजे तुमच्या-आमच्या रक्तात, चुकांचे प्रमाण दसपट असू शकते.

या तीन टक्केवाऱ्यांतली शेवटची दिलासा देणारी वाटते. मला तिच्याबद्दल थोडी शंका आहे. रोगकारक व्हेरिएंटचा संग्रह भरला कोणी? गेल्या दोन दशकांतल्या प्रयोगशाळांनी, बहुतेक आखूड रीडच्याच आधाराने. जिथे दिसत होते तिथलेच त्यांनी नोंदवले. अवघड जागांतले रोग कमी आहेत, की कमी नोंदले गेले आहेत, हे ९६.३ हा आकडा सांगू शकत नाही. एमयूसी-१ या जनुकामुळे होणाऱ्या आनुवंशिक मूत्रपिंडविकाराची कथा प्रसिद्ध आहे. बिघाड एका जादा सी अक्षराचा. पण जी-सींनी खच्चून भरलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या लांब माळेत तो लपलेला. सामूहिक वाचनाच्या यंत्रांतून तो निसटत राहिला, आणि २०१३ मध्ये तो उघड झाला तो जुन्या, कष्टाच्या पद्धतींनी.

आता परत विठ्ठलवाडीला. स्टेशनाच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव पडले; वस्त्यांना लोक अजून कॅम्प नंबरानेच ओळखतात. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आहेत, हे रक्तविकारतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. दोन्ही पालक वाहक असतील तर दर गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक, आणि मग त्या मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. या पट्ट्यातल्या कित्येक घरांना हिमोग्लोबिनचे ‘पॉइंट’, साठलेले लोह काढणारे ‘चेलेशन’ हे शब्द पुस्तकातून शिकावे लागलेले नाहीत.

हिमोग्लोबिनचा घटक असलेल्या बीटा ग्लोबिनचे जनुक एचबीबी, ११ व्या गुणसूत्रावर. सुमारे १,६०० अक्षरांचे, आटोपशीर. भारतात सर्वाधिक आढळणारा बिघाड, आयव्हीएस-१-५ नावाचा, म्हणजे जी च्या जागी सी असा एका अक्षराचा बदल. आखूड रीडना असा बदल टिपायला काही जड जात नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत मोठ्या प्रमाणावर असलेल्या सिकलसेलचा बदलही याच जनुकातला, एकाच अक्षराचा, तसाच सरळ. इथवर सोप्या जागेचा नकाशा आपल्या बाजूने आहे.

पण सिंधी समाजात वारंवार आढळणारा बिघाड वेगळ्या जातीचा आहे. त्यात जनुकाच्या शेपटाकडची ६१९ अक्षरे सलग गायब असतात. जागा सोपीच आहे. बदल अवघड आहे. दीडशे अक्षरांच्या रीडमध्ये ६१९ अक्षरांचे भगदाड मावत नाही. वाहकाच्या दुसऱ्या, धडधाकट प्रतीचे रीड त्या जागी येतच राहतात, फक्त निम्मे. अक्षरबदल शोधणाऱ्या आज्ञावलीला तिथे सगळे आलबेल दिसते. रीडची संख्या अर्ध्यावर आली आहे का, भगदाडाच्या दोन कडांना जोडणारे तुटके रीड आहेत का, हे पाहणारी वेगळी आज्ञावली चालवली तर ते सापडते. चालवली नाही तर नाही. सोप्या जागांच्या सगळ्या नकाशांची ही मर्यादा ठळकपणे सांगितली जात नाही अशी माझी तक्रार आहे. ते नकाशे लहान बदलांसाठी आखलेले आहेत. ‘सोपी जागा’ या शिक्क्यावर विसंबून अहवाल लिहिणारा उल्हासनगरच्या वाहकाला मोकळा सोडू शकतो, तर भगदाडाच्या दोन्ही बाजूंना खुणा बांधून मधला पट्टा वाढवणारी जुनी पीसीआर चाचणी ते भगदाड काही तासांत दाखवते.

अल्फा ग्लोबिनची कथा उलट. १६ व्या गुणसूत्रावर एचबीए-१ आणि एचबीए-२ अशी दोन जनुके शेजारी, आणि दोघांचे प्रथिन तंतोतंत एकच. डोंबिवली-ठाकुर्ली-कल्याण दोन्हीकडे सारखेच. दोन्ही नकला इतक्या सारख्या असल्यामुळेच पेशीविभाजनात त्या एकमेकींशी चुकीच्या जोडल्या जातात आणि ३,७०० अक्षरांचा पट्टा गळून पडतो. आखूड रीडना जिथे ठेच लागते तिथेच निसर्गालाही लागते. अवघड जागा आणि रोगांच्या जागा एकमेकींवर येतात त्या अशा. म्हणून अवघड जागा सोडून दिल्या तर थोडेच गमावले, हे समाधान मला पटत नाही.

याचा मराठी मुलखातला सर्वांत जुना दाखला मुंबईच्याच नावाने जगभर ओळखला जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. ए नाही, बी नाही, आणि ओ मध्ये असणारा एच हा घटकही नाही. त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणू लागले. अशा माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. भारतात साधारण दहा हजारांत एखादा असा असतो. यामागचे कारण रेणूंच्या पातळीवर कळायला १९९७ उजाडावे लागले. भारतीय बॉम्बे गटात एफयूटी-१ या जनुकात एका अक्षराचा बदल असतो, आणि शेजारचे एफयूटी-२ हे जनुक अख्खेच गायब असते. सुमारे दहा हजार अक्षरांचे हे भगदाड दोन अलू तुकडे एकमेकांशी चुकीचे जोडले गेल्याने पडले. शेजारी या दोघांच्या कुळातले एक निकामी जनुकही पडून आहे. एकाच माणसात, एकाच गुणसूत्राच्या एकाच कोपऱ्यात, एक बदल सरळ दिसणारा आणि दुसरा वेगळा शोधावा लागणारा. व्हेरिएंट कॉलिंग शिकवणाऱ्याने पहिल्या तासाला हेच उदाहरण घ्यावे.

भारताने या काळात काय केले? सीएसआयआरच्या दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने ‘इंडिजेन’ प्रकल्पात हजारावर भारतीयांचे जीनोम वाचले. त्यानंतरचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने वीस संस्थांनी मिळून केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यातली दहा हजार जीनोमची माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. काम मोठे आहे, आणि ते आखूड रीडवर झालेले आहे. दहा हजार माणसे आखूड रीडने वाचली तरी त्यांच्या अवघड जागा अवघडच राहतात. माणसे वाढली म्हणून घोषणा लांबत नाही. सोप्या जागांचा नकाशा आखायला लागतात ते लांब रीडवरून पूर्ण जुळवलेले जीनोम, आणि भारतीयांचे तसे जीनोम अजून फार थोडे आहेत. पॅनजीनोमचे नमुने बव्हंशी ‘१००० जीनोम्स’च्या पेशींतून घेतलेले. त्या प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट होते: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, आणि ब्रिटनमधले तेलुगू व श्रीलंकन तमिळ. मराठी नाही, सिंधी नाही, भिल्ल-गोंड नाहीत. जातीतल्या जातीत लग्ने करत आलेल्या आपल्या समाजात एखादी जादा प्रत किंवा एखादे भगदाड एका गटात साचून राहते आणि शेजारच्या गटात दिसतही नाही. बफेलोच्या माणसावरून किंवा लाहोरच्या नमुन्यावरून काढलेला ‘सर्वांसाठी सोपा’ नकाशा कॅम्प नंबर तीनला किती लागू पडतो, हे तिथल्या माणसांचे काही डझन पूर्ण जीनोम जुळवल्याशिवाय ठरणार नाही. दहा हजार आखूड जीनोमच्या पुढचा पैसा शंभर लांब जीनोमवर घालावा, असे माझे मत आहे.

पंधरा-वीस हजार अक्षरे एका दमात अचूक वाचणारी यंत्रे आता आहेत. त्यांच्यापुढे हा बराचसा प्रश्न विरघळतो. पण ती महाग आहेत, आणि आखूड रीडवर वाचून झालेल्या लाखो जीनोमची माहिती जगभर साठलेली आहे. ती उद्या फेकून दिली जाणार नाही. तोवर नकाशा लागणार.

तुमच्या घरी कुणाच्या हाती जीनोमचा किंवा एक्झोमचा (फक्त प्रथिनांच्या मजकुराचा) अहवाल आला आणि त्यात ‘रोगकारक व्हेरिएंट आढळला नाही’ असे लिहिले असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. या रोगाची जनुके सोप्या जागांत येतात का? आणि भगदाडे व जादा प्रती शोधल्या होत्या का? विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यात लग्न ठरवणाऱ्या मुलामुलींना तर जीनोमपर्यंत जायचीही गरज नाही. साधी रक्तगणना आणि हिमोग्लोबिन ए-टू ची तपासणी आधी करून घ्या. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाच्या वाहकत्वाची दाट शक्यता असते, मग जनुकात बदललेले अक्षर एक असो की गायब झालेली ६१९.